फिशटँकमधल्या झाडांना खत देताना या चुका टाळा: खास बोअर आणि टँकरचं पाणी वापरणाऱ्यांसाठी

फिशटँकमधलं झाड पिवळं पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणतं खत टाकू?" टाकीत पाणी कुठलं आहे, हे सांगायचं मात्र कुणाला सुचत नाही. मराठवाड्यात खताची निवड तिथूनच सुरू होते. आपल्या काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं आणि त्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधोमध) साडेसातच्या पुढे, कधी आठच्याही वर असतो. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल, तर तुमच्या टाकीत कॅल्शियम भरपूर आहे आणि बहुधा मॅग्नेशियमही. त्यासाठी वेगळी बाटली विकत घ्यायची गरज नाही. व्हिडिओत दाखवलेले डोस बऱ्याचदा मऊ पाण्यासाठी आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणाऱ्यांसाठी असतात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात ते जसेच्या तसे चालत नाहीत.

ठिबकला चालतं म्हणून टाकीत टाकणं

ही चूक आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसते, कारण घराघरात विद्राव्य खताच्या पिशव्या पडलेल्या असतात. माझ्या भाच्याची जालन्याकडे मोसंबीची बाग आहे. एका उन्हाळ्यात संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, मासे समदे वरी येऊन तोंडं उघडायलेत."

"खत टाकलंस का काही?"

"बागंतलंच टाकलं. एकोणीस-एकोणीस. काल चमचाभर टाकलं, काहीच झालं नाही, म्हणून आज सकाळी अजून एक टाकला."

मी पोचलो तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, वास नाही, फेस नाही. एंजल मासे फिल्टरच्या धारेखाली एकमेकांना खेटून उभे होते आणि त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. पीएचची पट्टी बुडवली, रंग आठच्या पुढे गेला. आम्ही निम्मं पाणी काढलं, हौदातलं सावलीतलं पाणी भरलं, एअर पंप पूर्ण सोडला, रात्री पुन्हा तेवढंच पाणी बदललं. गप्पी वाचले. एंजल सकाळपर्यंत गेले.

झालं काय, ते नीट समजून घ्या. पिशवीवरचे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. 19:19:19 मधलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, काही अमोनियाच्या आणि थोडंसंच नायट्रेटच्या. युरिया टाकल्या टाकल्या काही करत नाही. पाण्यातले जिवाणू त्याचं हळूहळू अमोनियात रूपांतर करतात, म्हणून पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटतं आणि नवखा माणूस दुसरा चमचा टाकून मोकळा होतो. आता हिशेब करा. 5 ग्रॅम खत 50 लिटर पाण्यात गेलं की युरिया आणि अमोनिया मिळून नत्र लिटरमागे जवळपास 15 मिलिग्रॅम होतं. चांगल्या टाकीत अमोनियाची चाचणी शून्य दाखवायला हवी.

त्यात आपलं पाणी आणि आपला उन्हाळा. अमोनियाचं विषारी रूप पीएचवर अवलंबून असतं. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्याचं प्रमाण जवळपास दहापट होतं, पाणी तापलं की आणखी वाढतं. झाडांच्या टाकीत दिवसभर झाडं कार्बन डायऑक्साइड ओढत असतात, त्यामुळे संध्याकाळी पीएच सगळ्यात वर असतो. असे फोन मला संध्याकाळीच येतात, ते यामुळे.

म्हणून युरिया, डीएपी, 12:61:00 आणि सगळी 19:19:19 सारखी मिश्र खतं टाकीपासून लांब ठेवा. शेतीचं खत मुळात वाईट असतं असं मी म्हणत नाही. मी स्वतः कृषी सेवा केंद्रातूनच खत घेतो, पण पिशवीची मागची बाजू वाचून. नत्रापुढे "नायट्रेट स्वरूपात" लिहिलेलं असेल तरच पिशवी घरात येते. म्हणजे 13:00:45. स्फुरदासाठी 00:52:34, नुसतं पालाश हवं असेल तर 00:00:50. तिन्ही पूर्ण विरघळणारी, पांढरी. लाल पोटॅश घेऊ नका, ते जमिनीसाठी आहे.

माझी रीत सांगतो. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात 25 ग्रॅम 13:00:45 विरघळवून बाटली भरून ठेवतो. त्यातलं 10 मिली 50 लिटरच्या टाकीत टाकलं की नायट्रेट साधारण 6 पीपीएमने (म्हणजे लिटरमागे 6 मिलिग्रॅमने) आणि पोटॅशियम 4 पीपीएमच्या आसपास वाढतं. आठवड्यातून एकदा, तेही नायट्रेटची चाचणी करून. आपल्याकडच्या कित्येक बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच उतरलेलं असतं. टाकीत मासे भरपूर असतील तर त्यांच्या विष्ठेतूनही ते तयार होतं. अशा टाकीला मी फक्त 00:00:50 देतो. 00:52:34 तर चिमूटभरच लागतं, 100 लिटरला 0.1 ग्रॅम. वजनकाटा नसेल तर हे खत अंदाजाने टाकू नका.

आणि टाकीचं माप बाहेरून घेऊ नका. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी कागदावर 56 लिटरची भरते, पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी 40 ते 45 लिटरच असतं.

पिवळी पानं दिसली की लोह ओतत राहणं

सोयाबीन पेरणाऱ्याला हे मी एका वाक्यात सांगू शकतो. चुनखडीच्या रानात सोयाबीन कोवळं असताना पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह नसतं असं नाही, पीएच जास्त असल्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. तुमच्या टाकीत नेमकं हेच चाललेलं असतं.

टाकीसाठी मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांत लोह बहुतेक वेळा ईडीटीए चिलेटमध्ये असतं. चिलेट म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन. ते साधारण साडेसहा पीएचपर्यंतच टिकतं. आठ पीएचच्या पाण्यात चिलेट सुटतं, लोहाचा गंज होतो आणि तो फिल्टरच्या स्पंजात जाऊन बसतो. झाड उपाशीच राहतं. मग मालक दुप्पट टाकतो. तरी पान पिवळंच, म्हणून मग लाइट वाढवतो, आणि महिन्याभरात काचेवर शेवाळाचा हिरवा पडदा चढतो. पुढे शेवाळ मारायचं औषध येतं. एका चुकीच्या चिलेटपायी माणूस चार बाटल्या विकत घेतो आणि शेवटी झाडंच काढून टाकतो, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

साडेसातपर्यंत पीएच असेल तर डीटीपीए घ्या. त्याच्या वर असेल तर ईडीडीएचए, म्हणजे फळबागेला देतात ते 6 टक्क्यांचं तांबूस दाणेदार लोह. अर्धा लिटर पाण्यात 5 ग्रॅम विरघळवा, 50 लिटर टाकीला त्यातलं 5 मिली द्या. पाण्याला हलकी गुलाबी झाक येते, त्याने घाबरू नका. बाटली अंधारात ठेवा, उजेडाने चिलेट खराब होतं. लोह आणि 00:52:34 एका बाटलीत कधीच कालवू नका, तळाशी साका बसतो.

कृषी सेवा केंद्रात सूक्ष्म अन्नद्रव्याची ग्रेड 2 हातात देतील. ती पिकावर फवारायला आहे. तिच्यात लोह अडीच टक्के, जस्त तीन टक्के आणि तांबं एक टक्का असतं. टाकीत लोह सगळ्यात जास्त लागतं आणि तांबं अगदी कणभर, इथे गणित उलटं आहे. कोळंबी किंवा गोगलगाय असेल तर त्या तांब्याने ती मरेल.

पण लोह देण्याआधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा. नवं, शेंड्याचं पान फिकट आणि शिरा हिरव्या, तर लोह. जुन्या पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि कडेने पिवळेपणा, तर पोटॅश. जुनं अख्खं पान पिवळं पडून गळतंय, तर नत्र. दोन मिनिटं काचेला नाक लावून बघण्याचं काम आहे, पण फोटो पाठवणारे बहुतेक जण अख्ख्या टाकीचा फोटो पाठवतात.

बाकीच्या, थोडक्यात

दुकानातून आणलेलं झाड आठ-पंधरा दिवसांत विरघळायला लागलं म्हणून खत टाकू नका. रोपवाटिकेत ते बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं, ती पानं जातात आणि पाण्यातली नवी येतात. क्रिप्टोकोरायनीत तर हे हमखास होतं. सडलेली पानं कापा आणि मूळ हलवू नका. एवढा धीर नसेल तर सध्या झाडं लावू नका, मासे पाळा.

अनुबियास आणि जावा फर्नला खडीत गाडून मुळाशी खताची गोळी देणं वाया जातं. ती लाकडाला बांधायची झाडं आहेत, अन्न पाण्यातून घेतात. क्रिप्टो आणि ॲमेझॉन सोर्डला उलट मुळाशी गोळीच द्या.

शेणखत किंवा गांडूळखत खडीखाली घालू नका.

"लिक्विड कार्बन" हे खत नाही. त्यात ग्लुटाराल्डिहाइड असतं आणि त्याने व्हॅलिस्नेरिया वितळते. आपल्या जड पाण्यात काही न देता जोमाने वाढणारं झाड तेच आहे, आणि लोक त्याच्यावरच हे ओततात.

टीडीएस मीटर बघून खत ठरवू नका. पाण्यात क्षार किती एवढंच ते सांगतं, कोणते ते नाही.

टँकर बदलला की पाणी बदललं असं धरा आणि पीएच पुन्हा तपासा. महापालिकेचं किंवा टँकरचं पाणी क्लोरीन घातलेलं असू शकतं, त्यासाठी क्लोरीन काढायचे थेंब जवळ ठेवा.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार आणि खत मागेच राहतात. त्यावर पुन्हा बोअरचं पाणी भरत गेलात की जडपणा दर आठवड्याला चढतो. भर घालायला आरओचं पाणी वापरा. पण अख्खी टाकी नुसत्या आरओने भरू नका, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं. आणि आरओच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर टाकीत अजिबात नको, सगळे क्षार त्याच्यातच साठलेले असतात.

पाणीटंचाईत पाणी बदलणं जमणार नसेल तर खत निम्म्यावर आणा आणि लाइट सहा तासांवर. झाड सावकाश वाढेल, पण शेवाळ येणार नाही. बदलायला काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यातलं नत्र तुळशीला आणि कढीपत्त्याला लागू पडतं.

डोस बदलला की दोन आठवडे दुसरं काही बदलू नका आणि फक्त नवीन पानं बघा. भोकं पडलेलं जुनं पान कोणत्याही खताने भरून येत नाही, ते देठापासून कापून टाका. तिन्ही पांढऱ्या खतांच्या डब्यांवर त्याच दिवशी नाव लिहा. 13:00:45 गॅसच्या शेगडीपासून आणि काड्यापेटीपासून लांब, कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. ते स्वतः जळत नाही, पण लागलेली आग भडकवतं.