गूगल ड्राइव्ह थेट फाइल मॅनेजरमध्ये: माझा अनुभव

लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एक्सएफसीई आवृत्तीत थुनार हा फाइल मॅनेजर (फाइली-फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) येतो. मला गूगल ड्राइव्हचे फोल्डर त्यातच हवे होते. ब्राउझर उघडा, फाइल उतरवा, बदला, परत चढवा, हा द्राविडी प्राणायाम कोण करणार!

ऑनलाइन साठवण संगणकाशी जोडणारं आरक्लोन हे मोफत, मुक्तस्रोत साधन टाकलं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'आरक्लोन कॉन्फिग' चालवलं की ते एकेक प्रश्न विचारत जातं: नाव काय, सेवा कोणती, परवानगी किती. मग ब्राउझरमध्ये लॉगिन. होम फोल्डरमध्ये एक रिकामा फोल्डर केला आणि 'आरक्लोन माउंट'ने ड्राइव्ह तिथे जोडला. थुनारमध्ये सगळं दिसू लागलं.

खरी गंमत पुढे. फाइल उघडायची, पण लिबरऑफिस या ऑफिस-प्रोग्रॅममधून सेव्ह होईना. माउंट करताना (म्हणजे असा जोडताना) फाइलींचा कॅशे, म्हणजे संगणकावरची तात्पुरती साठवण, मुळात बंद असतो आणि त्याशिवाय एकच फाइल वाचायला व लिहायला एकाच वेळी उघडता येत नाही. आज्ञेत 'व्हीएफएस कॅशे मोड' हा पर्याय 'राइट्स'वर ठेवला आणि काम झालं. आता फाइल आधी डिस्कवर लिहिली जाते, बंद केल्यावर काही सेकंदांनी वर जायला लागते. त्यामुळे सेव्ह केल्याकेल्या लॅपटॉप मिटू नये, मोठी फाइल असेल तर अजिबातच नाही.

गूगल डॉक्सच्या फाइलींचा आकार शून्य दिसतो. त्या रिकाम्या नसतात. मी त्या सरळ ब्राउझरमध्येच उघडतो. माउंटची आज्ञा लॉगिननंतर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकली आहे. वायफाय जोडलं जायला वेळ लागतो, म्हणून तिच्याआधी थोडा विलंब ठेवलाय.