कॉलेज की स्पर्धात्मक गेमिंग : निर्णय घेण्याची रीत

कॉलेज सोडून व्यावसायिक व्हिडिओ गेम खेळाडू व्हावे का, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी मुले बहुधा प्रवेशाची मुदत संपायला आठवडा उरलेला असताना येतात, आणि बोलायला लागल्यावर पहिल्या-दुसऱ्या वाक्यातच आपली रँक, म्हणजे ऑनलाइन सामने जिंकून खेळात मिळवलेली पातळी, सांगतात. ती सांगताना त्यांना वाटणारा अभिमान रास्तच असतो, कारण त्यामागे हजारो तासांची मेहनत असते. पण कॉलेज सोडायचे की नाही हे ठरवण्यासाठी रँक हा पुरावा अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये.

व्हॅलोरंट या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये रेडियंट ही सर्वोच्च पातळी जगाच्या प्रत्येक विभागातल्या वरच्या ५०० खेळाडूंना मिळते. लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या सांघिक खेळात मोठ्या विभागांच्या सर्व्हरवर चॅलेंजर या सर्वोच्च पातळीवर ३०० जण असतात. आता पगारी जागा मोजा. दोन्ही खेळांत एका संघाचे एका वेळी पाच जण खेळतात आणि बहुतेक प्रमुख लीगमध्ये दहा-बारा संघ असतात, म्हणजे एका विभागात पहिल्या फळीच्या जागा पन्नास-साठच्या आसपास. त्या जागांवर आज कोणीतरी बसलेले आहे, आणि एखादी रिकामी झालीच तर तिच्यासाठी दुसऱ्या विभागातला अनुभवी खेळाडूही रांगेत असतो. फोर्टनाइट या व्हिडिओ गेमच्या २०१९ च्या विश्वचषकासाठी सुमारे ४ कोटी खेळाडू पात्रता फेऱ्यांत उतरले होते आणि वैयक्तिक अंतिम फेरीत १०० जण पोहोचले. त्यात सोळा वर्षांच्या काइल गिअर्सडॉर्फने ३० लाख डॉलर जिंकले. आईवडिलांना पटवताना मुले हे उदाहरण हमखास देतात, आणि ते खरेही आहे. फक्त ते सांगताना ४ कोटींचा आकडाही त्याच दमात सांगावा.

रँकबद्दल दुसरी गोष्ट अशी की रँक तुमचे एकट्याचे कसब मोजते, तर संघ निवड करताना वेगळेच काहीतरी पाहतो. एका संघाच्या सरावाला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. सामना संपल्यावर प्रशिक्षकाने रेकॉर्डिंग लावले आणि एका फेरीच्या मध्यावर थांबवून एका मुलाला विचारले, "इथे तू डावीकडे का वळलास?" मुलगा म्हणाला, "पावलांचा आवाज आला." प्रशिक्षकाने दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकवले, आवाज नव्हता. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मुलाने शेवटी शांतपणे कबूल केले की आपण अंदाजाने वळलो आणि साथीदारांना सांगितले नाही. दीड मिनिटाच्या त्या एका फेरीवर जवळजवळ अर्धा तास गेला, आणि त्यानंतर लगेच पुढची फेरी लागली. व्यावसायिक खेळाडूचा दिवस बराचसा असाच जातो. दुसऱ्या संघाशी ठरवून केलेला सराव, ज्याला सगळे स्क्रिम म्हणतात, त्याचे काही तास. मग स्वतःच्या चुकांची अशी उजळणी. मग एकट्याचा सराव. आणि नवा पॅच, म्हणजे कंपनीने खेळात केलेला बदल, आला की महिनाभर घोटलेल्या गोष्टी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्याला खेळायला आवडते पण आपली चूक चारचौघांत चार वेळा पाहायला आवडत नाही, त्याला हे काम वर्षभरसुद्धा झेपणार नाही.

म्हणून निर्णयाच्या आधी निदान तीन महिने एक वही ठेवावी, आणि तिच्यात रँक न लिहिता पुढील गोष्टी लिहाव्यात : या आठवड्यात ठरलेल्या संघाबरोबर किती स्क्रिम झाले, खुल्या पात्रता फेरीत कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचलो, ट्रायआउटसाठी, म्हणजे संघाच्या निवड चाचणीसाठी, कोणी बोलावले का आणि त्यानंतर पुन्हा बोलावले का. हे सगळे शिक्षण चालू ठेवून करता येते. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर त्यात एकट्याने खेळलेले तासच तास सापडले, तर व्यावसायिक खेळाचा खरा प्रयत्न अजून सुरूच झालेला नाही असे समजावे आणि प्रवेश घ्यावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला तुमची स्तुती करून काही मिळणार नाही अशा कोणीतरी तुमच्या खेळासाठी लेखी करार करून पगार देऊ करेपर्यंत शिक्षण सोडण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही. मित्रांचे कौतुक, स्ट्रीमवरचे (स्वतःच्या खेळाच्या थेट प्रक्षेपणावरचे) प्रेक्षक, "तुला पुढच्या हंगामात नक्की घेऊ" हे व्यवस्थापकाचे तोंडी आश्वासन, यांपैकी काहीही करार नव्हे. तोंडी आश्वासनावर परीक्षेचा अर्ज न भरलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांचे वाईट वाटते, कारण त्यांच्यात गुण नव्हते असे नाही.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. गेमिंगकडे आपण ओढले जात आहोत, की कॉलेजपासून पळत आहोत? पुष्कळदा मुलाला नको असतो तो घरच्यांनी निवडलेला अभ्यासक्रम, आणि त्याच्यापासून सुटण्याची हाताशी असलेली एकमेव सन्मानाची वाट म्हणून तो गेमिंगचे नाव घेतो. अशा वेळी उत्तर अभ्यासक्रम बदलण्यात आहे. खेळ सुटकेचे साधन झाला की पहिल्याच पराभवांच्या मालिकेत तोही नकोसा होतो.

समजा, करार समोर आला. आता खेळाडूइतकाच त्या खेळाचाही विचार करावा लागतो, आणि इथे बहुतेक जण कमी पडतात. फुटबॉलवर कोणाची मालकी नाही; स्पर्धात्मक व्हिडिओ गेम मात्र एका कंपनीच्या मालकीचा असतो, आणि त्या कंपनीने ठरवले की त्याची व्यावसायिक लीग एका पत्रकात संपते. डिसेंबर २०१८ मध्ये ब्लिझार्ड या कंपनीने आपल्या हीरोज ऑफ द स्टॉर्म या खेळाची अधिकृत लीग पुढच्या वर्षी होणार नाही असे जाहीर केले, आणि पुढच्या हंगामाच्या तयारीत असलेले खेळाडू, प्रशिक्षक आणि समालोचक एकाच दिवशी कामाला मुकले. ब्लिझार्डच्याच ओव्हरवॉच या नेमबाजीच्या खेळाची ओव्हरवॉच लीग २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथे खेळाडूला वर्षाला किमान ५० हजार डॉलर पगार बंधनकारक होता, म्हणजे कागदावर तरी ती सर्वांत सुरक्षित जागांपैकी एक होती. २०२३ च्या हंगामानंतर ती बंद झाली. पहिल्या हंगामाच्या वर्षी चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच्या पुढच्याच वर्षी ती लीग संपली.

बक्षिसांच्या रकमेलाही हेच लागू आहे. डोटा २ या सांघिक खेळाच्या द इंटरनॅशनल या जागतिक स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम २०१९ मध्ये सुमारे ३ कोटी ४३ लाख डॉलर होती आणि २०२१ मध्ये ती ४ कोटींवर गेली. ही रक्कम मुख्यतः खेळातल्या वस्तूंच्या विक्रीचा चौथा हिस्सा वळवून जमत असे. ती विक्रीची पद्धत बदलल्यावर २०२३ मध्ये आकडा ३० लाखांच्या आसपास आला. खेळाडूंचे कसब दोन वर्षांत दहा पटींनी घटले नव्हते. म्हणून आपल्या खेळाची लीग किती वर्षे चालू आहे, तिचा खर्च कोण उचलते, आणि उद्या ती बंद पडली तर आपले कसब दुसऱ्या कोणत्या खेळात चालेल, हे लिहून काढावे. नेमबाजीच्या खेळांतले हात एका खेळातून दुसऱ्यात बऱ्यापैकी जातात. २०२० मध्ये व्हॅलोरंट आला तेव्हा ओव्हरवॉचमधले अनेक जण तिकडे गेले. ज्या खेळाचे नियमच जगावेगळे आहेत, त्यातले कसब असे नेता येत नाही.

"वय निघून जाईल" अशी जी घाई दाखवली जाते तिच्याबद्दल थोडक्यात. ती पूर्ण खोटी नाही. सुमेल हसनने २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी द इंटरनॅशनल जिंकली. पण १९९६ मध्ये जन्मलेल्या ली सांग-ह्योकने, म्हणजे फेकर या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने, लीग ऑफ लेजेंड्सची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ व २०२४ मध्ये जिंकली. शिवाय मोठ्या लीगमध्ये खेळानुसार सोळा, सतरा किंवा अठरा अशी किमान वयाची अट असते, त्यामुळे पंधराव्या वर्षी शाळा सोडून हाती काही लागत नाही. वयापेक्षा शरीराची काळजी अधिक करावी : लीग ऑफ लेजेंड्समध्ये उझी या नावाने खेळणाऱ्या जिआन झीहाओला २०२० मध्ये तेविसाव्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने निवृत्ती जाहीर करावी लागली, आणि त्याच्या दुखण्यांत मधुमेह होता. मनगट दुखू लागले असेल तर करारावर सही करण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

करार वाचायला बसताना वकील सोबत हवाच. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकही हवेत. एका मुलाने मला दाखवलेल्या करारात पहिल्या पानावर ठळक अक्षरांत पगार होता, आणि अकराव्या पानावर एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात असे लिहिले होते की संघ सात दिवसांच्या नोटिशीवर, कारण न देता, खेळाडूला मुक्त करू शकतो, पण खेळाडूला मुदतीआधी जायचे असेल तर दुसऱ्या संघाने पूर्ण बायआउट, म्हणजे करारातून सोडवण्याची रक्कम, भरल्याशिवाय जाता येणार नाही. म्हणजे तो करार दोन वर्षांचा दिसत होता आणि मुलाच्या बाजूने तो सात दिवसांचा होता. त्याने ते पान तोवर वाचलेच नव्हते. ही दोन कलमे सर्वांत आधी शोधावीत. त्यानंतर राखीव बाकावर बसवल्यास पगार पूर्ण मिळतो का, बक्षिसातला वाटा किती आणि किती दिवसांत मिळतो, स्वतःच्या स्ट्रीमचे उत्पन्न कोणाचे, आणि खेळ बंद पडल्यास कराराचे काय होते, हे पाहावे. त्या संघातून गेल्या वर्षभरात बाहेर पडलेल्या दोन खेळाडूंना शोधून पगार वेळेवर होत असे का, एवढे विचारावे. या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडते.

करार चांगला असला तरीसुद्धा कॉलेज "सोडणे" ही कृती बहुधा अनावश्यक असते. अनेक विद्यापीठे मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात; तसे लेखी मागून घ्यावे, आणि शिष्यवृत्ती असेल तर तीही राखून ठेवली जाईल का हे त्याच पत्रात विचारावे, कारण प्रवेश टिकतो आणि शिष्यवृत्ती जाते असे होऊ शकते. दूरशिक्षणाने किंवा सत्रात एक-दोन विषय घेऊन पदवी सावकाश पूर्ण करण्याचा मार्गही आहे, मात्र संघाच्या प्रवासाच्या आणि परीक्षेच्या तारखा एकमेकांवर येतात तेव्हा कोणती पाळायची हे आधीच ठरलेले हवे.

तिसरा मार्ग कॉलेजच्याच संघातून खेळण्याचा. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सच्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ केली, आणि त्यानंतर अमेरिकेत अशा संघांचे जाळे वाढत गेले. ज्याच्या हाती करार नाही पण वहीत सांघिक खेळाची भरघोस नोंद आहे, त्याच्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. मात्र ही शिष्यवृत्ती बहुधा शुल्काचा काही भागच भरते. ती दरवर्षी नव्याने मिळवावी लागते का, गुणांची अट काय आहे, आणि कॉलेजने तो खेळ बंद केला तर ती राहते का, हे विचारून घ्यावे. कॉलेज स्पर्धांचा दर्जा मोठ्या लीगपेक्षा सहसा कमी असतो, तेव्हा तिथे खेळतानाही खुल्या पात्रता फेऱ्या सोडू नयेत.

सगळे पाहून वर्षभर पूर्ण वेळ खेळायचे ठरले, तर घरच्यांसमोर बसून एक कागद लिहावा. त्यावर महिन्याचा खर्च आणि तो कोण भरणार हे असावे, थांबण्याची तारीख असावी, आणि त्या तारखेपर्यंत काय घडलेले असले पाहिजे हे तपासता येईल अशा शब्दांत असावे. "खेळ सुधारणे" असे लिहिल्यास त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. "दुसऱ्या फळीच्या लीगसाठी पात्र ठरणे" किंवा "कराराचे नूतनीकरण होणे" यांचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. थांबण्याची तारीख पुढच्या प्रवेशाच्या मुदतीच्या निदान महिनाभर आधीची ठेवावी, म्हणजे अर्ज भरायला वेळ उरतो. तो कागद खेळाडूने स्वतःजवळ न ठेवता आई, मोठी बहीण, जुने शिक्षक, ज्यांचा शब्द तो ऐकतो अशा कोणाकडे तरी द्यावा, आणि त्या दिवशी तो मोठ्याने वाचण्याचे काम त्यांनीच करावे.