दम्याची औषधं घेताना या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर दम्याच्या पेशंटकडून हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "फक्त निळा पंप द्या. दुसरा नको, त्यानं काही फरक पडत नाही." दम्यातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

निळ्या पंपात सालब्युटामॉल असतं. ते श्वासनलिकांभोवती आवळलेले स्नायू सैल करतं. पाचेक मिनिटांत मोकळं वाटतं आणि तो आराम चार ते सहा तास टिकतो. पण दम्याचं मूळ आहे श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेत. तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडत राहतात. त्यांमुळे अस्तर फुगतं, चिकट कफ साचतो, नळी चिंचोळी होते. सालब्युटामॉल या सुजेला हातही लावत नाही. ती उतरवतो तो "फरक न पडणारा" दुसरा पंप, म्हणजे ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं श्वासावाटे घेण्याचं स्टेरॉइड. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि पूर्ण फायदा कळायला काही आठवडे जातात. चौथ्या दिवशी बंद केलं तर फरक दिसणार कसा?

'जीना' ही दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था. तिने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच. वर्षभरात 200 डोसांचे तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील, तर जोराचा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर गोष्ट जिवावर बेतू शकते. घरातले रिकामे पंप मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा.

"पण स्टेरॉइड आहे ना, सवय लागेल!" ही भीती घरोघरी आहे, आणि ती अगदी मनापासूनची असते. सवय लागत नाही. दमा दीर्घकाळचा आजार आहे म्हणून औषधही दीर्घकाळ लागतं. मात्रेचं गणितही पाहा. ब्युडेसोनाइडचा एक डोस साधारण 200 मायक्रोग्रॅमचा असतो. पंप टाळून अटॅक ओढवला तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम, पाच-सात दिवस घ्याव्या लागतात. दोन्हींची ताकद सारखी नाही हे खरं, तरी एक थेट फुफ्फुसात जातं आणि दुसरं अख्ख्या अंगात फिरतं. पंपानंतर गुळणी करून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

औषध बरोबर, घ्यायची पद्धत चूक

दाबायचा पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, मग पंप दाबतानाच सावकाश आणि खोल श्वास घ्यावा आणि दहा सेकंद रोखून धरावा. झटक्यात श्वास ओढला की औषध घशावर आपटतं आणि तिथंच राहतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर हे काम सोपं होतं. तो लहान मुलांसाठीच असतो असं काही नाही, मोठ्यांनीही वापरावा. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्यानं पुसला तर आत स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

कॅप्सूल घालून वापरायच्या रोटाहेलरचं तंत्र नेमकं उलटं. तिथे श्वास जोरात आणि झपकन ओढायचा, कारण पावडर उडवण्याची ताकद तुमच्या श्वासातूनच यायची असते. त्यात फुंकर मारायची नाही, ओल लागून पावडरीचे गोळे होतात. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. हे सांगावं लागतं, कारण गिळणारे पेशंट खरोखर असतात आणि चूक त्यांची नसते, त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं. पंप घेताना फार्मासिस्टला सांगा, "एकदा माझ्यासमोर करून दाखवा, मग मी करतो ते बघा."

अंगदुखीची साधी गोळी

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित चूक ही. दमा असलेल्या साधारण शंभरातल्या सात प्रौढांना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची वेदनाशामकं सोसत नाहीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, असिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, सगळी त्याच कुळातली. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत नाक वाहू लागतं, डोळे लाल होतात आणि छाती घट्ट आवळते.

ही नेहमीच्या अर्थानं अ‍ॅलर्जी नाही. 1971 मध्ये औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. दुखणं थांबतं ते त्यामुळेच. पण प्रोस्टाग्लँडिन ज्या कच्च्या मालापासून बनतं, त्याच मालापासून ल्युकोट्राइनही बनतात. एक रस्ता बंद केला की माल दुसऱ्या रस्त्याला लागतो. शिवाय ल्युकोट्राइनला आवर घालणारं प्रोस्टाग्लँडिन ई-2 ही कमी पडतं. ल्युकोट्राइन श्वासनलिका आवळण्यात हिस्टामिनपेक्षा कितीतरी जहाल.

नाकात पॉलिप म्हणजे कोंब असतील, वास येत नसेल आणि दमा मोठेपणी सुरू झाला असेल, तर विशेष जपा. कंबर धरली म्हणून इंजेक्शन घेताना, दात काढताना, पाळीच्या दुखण्यासाठी गोळी मागताना "मला दमा आहे" हे पहिलं वाक्य असू द्या. एकदा त्रास झाला असेल तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा. ब्रँड बदलून काही होत नाही, आतला घटक वाचा. अशा पेशंटला 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल बहुधा सोसतं, जास्त मात्रेवर मात्र काहींना त्रास होतो. आणि ज्यांना आजवर ही वेदनाशामकं बिनत्रास सोसली आहेत, त्यांनी घाबरून सगळंच सोडायचं कारण नाही.

दम्यासोबत अर्धशिशी असेल तर अडचण दुहेरी. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान सेरोटोनिन या रसायनाच्या ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या जागेवर, काम करतं, दम्याच्या पेशंटला ते सहसा त्रास देत नाही, मात्र हृदयविकार असेल तर चालत नाही. पण डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत नॅप्रोक्सेन मिसळलेलं असतं. आणि अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दम्यात टाळायचंच असतं, कारण सालब्युटामॉल जे रिसेप्टर उघडतं तेच ते बंद करतं. हात थरथरणं, धडधड, परीक्षेची भीती यांसाठीही ते दिलं जातं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा डोळ्यातून रक्तात जाऊन दम उठवू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा सांगायचा असतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

सर्दीच्या गोळीवर दमा काढणं

सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन हिस्टामिनचा मार्ग अडवतात. शिंका, खाज, पित्त उठणं यांवर उत्तम, पण दम्याच्या अटॅकवर निकामी. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळीनं झोप येते, गाडी चालवू नका. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसानं ते नीट शोषलं जात नाही.

मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राइनला अडवतं, तेही रोज घेतलं तरच. धाप लागल्यावर घेऊन उपयोग नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचारही येतात. मूल गोळी सुरू झाल्यापासून रात्री दचकून उठत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून वर्षानुवर्षं दम्यावरच्या थिओफिलिनच्या गोळ्या घेणारेही बरेच. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत तिथे फार थोडं अंतर आहे. मध्येच जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं तर थिओफिलिन रक्तात साचतं. उलट्या, धडधड आणि कधी झटके येतात.

कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध घेणारे किंवा मृग नक्षत्रावर हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जाणारे लोक आपल्यात आहेत. श्रद्धेवर वाद घालायचा नाही, पण त्यासाठी पंप बंद करू नका. लेबल नसलेल्या पुड्यांपासून मात्र दूरच राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, ते पोटातून अंगभर जातं आणि किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

पेशंटला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर ताठ बसवा आणि स्पेसरमधून सालब्युटामॉल एकेक दाब करून चार ते दहा दाब द्या. आराम पडतोय का याची वाट पाहत बसू नका, 108 ला लगेच फोन करा. गाडी येईपर्यंत दर वीस मिनिटांनी तेवढेच दाब पुन्हा देता येतात.