ब्रेकरचं पेटंट मागायला निघालात? या चुका टाळा

मे तापला की नागपुरात दुपारच्या वेळी एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारे घरातले छोटे ब्रेकर, पडायला लागतात. कूलर, फ्रीज, एसी सगळं एकदम चालू, मीटरची पेटी पश्चिमेच्या भिंतीवर, आणि बाहेर ४५ अंश. मग जूनपर्यंत कुणी ना कुणी नवा ब्रेकर घेऊन माझ्या टेबलाशी येतो: "सर, याचं पेटंट काढायचं आहे." हिंगणा एमआयडीसीत ब्रेकर जुळवण्याच्या कामात माझी अकरा वर्षं गेली. त्यानंतर मी पेटंट एजंट झालो. इतक्या वर्षांत लोकांच्या चुका बदललेल्या दिसत नाहीत, म्हणून आज एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिली चूक शब्दाचीच आहे. "डिझाइनचं पेटंट" असं काही आपल्याकडे नाही. ब्रेकर कसा दिसतो, म्हणजे हँडलचा आकार, पुढच्या पट्टीची ठेवण, हे डिझाइन कायदा २००० खाली नोंदवतात. त्याला १० वर्षं मिळतात, पुढे ५ वाढवता येतात. ब्रेकर आतून काय करतो, हा पेटंटचा विषय. त्यासाठी १९७० चा कायदा आहे आणि मुदत २० वर्षांची. आतली यंत्रणा नवी असताना नुसतं रूप नोंदवून घरी गेलेले लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्यानं तीच यंत्रणा वेगळ्या डब्यात घातली, तर त्या नोंदणीचा काडीचा उपयोग होत नाही.

आता ज्या चुकीवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तिच्याबद्दल. "बाजारात कुठंच नाही, म्हणजे नवीन आहे."

सीताबर्डीतली चार दुकानं फिरून आणि गूगलवर दोन वाक्यं टाकून हा निष्कर्ष काढला जातो. पेटंट कार्यालय मात्र नुसता बाजार बघत नाही, ते कागदही बघतं. जगात कुठंही, कुठल्याही भाषेत, कधीही छापलेला कागद चालतो, मग ती वस्तू एकदाही विकली गेली नसली तरी. चीनमध्ये आणि जर्मनीत पेटंटपेक्षा हलकी अशी युटिलिटी मॉडेलची नोंदणी असते, आपल्याकडे ती नाही. चिनी युटिलिटी मॉडेलमध्ये ब्रेकरचे इतके बारीकसारीक फेरफार नोंदलेले आहेत, की शोध घेताना ते सोडले तर शोध अर्धाच झाला म्हणायचा.

हा विषय जुनाही फार आहे. हुगो श्टोट्स आणि हाइनरिश शाख्टनर यांनी जर्मनीत १९२४ साली छोट्या ब्रेकरचं पेटंट घेतलं, तेव्हाच जास्त भारासाठी उष्णतेवर चालणारी आणि शॉर्ट सर्किटसाठी चुंबकावर चालणारी अशा दोन्ही यंत्रणा एकाच डबीत आल्या होत्या. आज तुमच्या घरातला एमसीबी त्याच कल्पनेवर चालतो. मधल्या शंभर वर्षांत जगभरच्या अभियंत्यांनी तिच्या प्रत्येक स्प्रिंगवर काम केलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी हिंगण्याचेच एक डिस्ट्रिब्युशन बोर्ड बनवणारे गृहस्थ आले. हात अतिशय कसबी. त्यांचा मुद्दा बरोबर होता: घरगुती एमसीबी ३० अंशांना धरून कॅलिब्रेट केलेला, म्हणजे जुळवून ठेवलेला असतो. आपल्या उन्हात पेटीच्या आतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, बायमेटलची पट्टी (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) आधीच थोडी वाकलेली असते आणि १६ अँपिअरचा ब्रेकर त्याहून कमी भारावर पडतो. त्यांनी आत दुसरी बायमेटल पट्टी बसवली होती. तिच्यातून करंट जात नाही, ती फक्त हवेच्या तापमानानं वाकते आणि लॅचला, म्हणजे ब्रेकर चालू स्थितीत अडकवून ठेवणाऱ्या खिटीला, तितकंच सरकवते, म्हणजे दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. "सर, हे कुठंच नाही जी," ते म्हणाले. "मी सगळं पाहून झालो."

मी त्यांच्यासमोर एस्पेसनेट उघडलं, जगभरची पेटंटं शोधायचं संकेतस्थळ. 'गरमी', 'उन्हाळा', 'ट्रिपिंग' असे शब्द टाकून शोधायचं नसतं, वर्गीकरणाच्या क्रमांकानं शोधायचं असतं. संरक्षक स्विचच्या बारकाव्यांना एच०१एच ७१ हा गट आहे. त्यात बायमेटलवर चालणाऱ्या यंत्रणा ७१/१६ मध्ये येतात. आणि त्याच्या खाली भोवतालच्या तापमानाची भरपाई करणाऱ्या बायमेटलसाठी ७१/१६२ हा स्वतंत्र उपगटच आहे. ज्या कल्पनेसाठी वर्गीकरणात वेगळा खण पाडावा लागला, ती "कुठंच नाही" असं म्हणता येत नाही. त्यांचा चेहरा उतरला.

पण मी तिथं थांबलो नाही, तुम्हीही थांबू नका. माझी एक सवय आहे. आलेला ब्रेकर मी उघडतो. ड्रिलनं रिव्हेट काढायचे, झाकण अलगद उचलायचं, टॉगलची स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठा ठेवायचा. मग पांढऱ्या कागदावर एकेक भाग मांडायचा: हँडल, लॅच, बायमेटल, तिला जोडलेली तांब्याची वेणी, कॉइल, तिच्यातला प्लंजर, चांदीच्या मिश्रधातूचे काँटॅक्ट, आर्क (काँटॅक्ट सुटताना उडणारी विजेची ज्वाळा) विझवणाऱ्या पत्र्यांची चळत. शेजारी त्याच रेटिंगचा साधा ब्रेकर तसाच उघडून ठेवायचा. प्रत्येक भागाखाली पेन्सिलीनं लिहायचं, 'तोच' किंवा 'वेगळा'. 'वेगळा' असेल तर त्यानं नक्की काय बदललं ते एका ओळीत. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. संगणकावर अहवाल काढून देणारे स्वस्तात मिळतात, मग हे कशाला, असं विचारतात. कारण अहवालाला तुमचा स्क्रू दिसत नाही.

त्या गृहस्थांच्या ब्रेकरमध्ये वेगळा निघाला तो स्क्रूच. भरपाईची पट्टी त्यांनी कॅलिब्रेशनच्या स्क्रूवर अशी बसवली होती की एकदा स्क्रू फिरवला की दोन्ही पट्ट्या एकाच वेळी जुळत. कारखान्यात एक पायरी वाचत होती. दोन दिवस शोधलं, त्याला जुळणारं काही सापडलं नाही. मला मनापासून आनंद झाला. अर्ज लिहायला बसलो आणि नेहमीचा प्रश्न विचारला: "भाऊ, हे कुणाला दाखवलं, विकलं?"

दिवाळीच्या आधी त्यांनी चार डझन ब्रेकर पॅनेलवाल्यांना बिलावर दिले होते. झाकण उघडून स्क्रू दाखवणारा व्हिडिओही टाकला होता.

तिथं सगळं संपलं. अर्जाच्या तारखेआधी वस्तू लोकांसमोर आली की नवेपण गेलं. "एक वर्षाची सवलत असते ना?" हे मी दर महिन्याला ऐकतो. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणी केली, किंवा विद्वत्सभेत निबंध वाचला, अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. गावातलं औद्योगिक प्रदर्शन, व्हॉट्सॲपचा ग्रुप, पहिली ऑर्डर यांना ती लागू नाही. त्यांनी आधी तात्पुरतं विवरण, म्हणजे शोधाचं प्राथमिक लेखी वर्णन दाखल केलं असतं, तर व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपयांत अर्जाची तारीख मिळाली असती आणि पूर्ण विवरणाला १२ महिने. विकायची घाई मला कळते, घर त्यावर चालतं. तरीही आधी अर्ज, मग बिल.

काही चुकांना एवढी जागा लागत नाही.

"हँडल दाबून धरलं तरी ब्रेकर पडतो" हे नवीन नाही. त्याला ट्रिप-फ्री म्हणतात आणि मानकानुसार ते असावंच लागतं.

एमसीबी, बजर, दिवा आणि वाय-फाय रिले एका डब्यात घातले आणि प्रत्येक आपलं जुनं काम सुटंसुटं करत असेल, तर जुन्या वस्तूंची नुसती मांडणी हा शोध नाही असं सांगणारं कलम ३(एफ) आडवं येतं. भाग एकमेकांवर काही परिणाम करतात का, ते दाखवा.

आयएसआय मार्क मिळाला म्हणून पेटंट मिळत नाही, आणि पेटंट मिळालं म्हणून ब्रेकर सुरक्षित ठरत नाही.

राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे, म्हणून लोक अर्ज तिथं घेऊन जातात. ती प्रशिक्षणाची संस्था आहे. आपला अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो आणि तो ऑनलाइन भरता येतो.

अर्जाचा क्रमांक आला की "पेटंटप्राप्त" छापू नका, कलम १२० खाली दंड आहे. अर्ज भरून झोपूही नका: तपासणीची विनंती ३१ महिन्यांत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

आता उलट्या बाजूची चूक. हिचं मला जास्त वाईट वाटतं: "एवढ्याशा गोष्टीला कशाला पेटंट?"

नवेपणानंतरची पायरी म्हणजे त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला ते सहज सुचलं असतं का. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली, लेथवर भांडी धरायच्या साधनाचं पेटंट टिकत नाही असं ठरवलं. जुन्या साधनात कारागीर रोजच्या कामात करेल तेवढीच ती सुधारणा होती. हा निकाल ऐकून लोक समजतात की छोटा बदल म्हणजे नकार. तसं नाही. बदल किती मोठा, यापेक्षा तो सुचणं किती सहज होतं, हे बघतात.

एका छोट्या कारखान्यात जुळणीच्या टेबलावर बसणाऱ्या एक ताई होत्या. काँटॅक्ट उघडताना निघणारा आर्क ज्या पट्टीवरून पत्र्यांच्या चळतीकडे धावतो, तिचं टोक त्या थोडं उलट्या बाजूला वाकवून बसवायच्या. रेखाचित्रात ते सरळ होतं. त्यांनी चाचणीतून परत आलेले ब्रेकर उघडून पाहिले होते आणि काजळी कुठं बसते ते ध्यानात ठेवलं होतं. सरळ टोकाशी आर्क अडकून राहतो, काळा डाग तिथंच पडतो. वाकवलेल्या टोकाच्या ब्रेकरमध्ये काजळी आत, पत्र्यांवर सारखी पसरलेली. दोन्ही नमुने त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. त्या वर्षीचा इतका भक्कम पुरावा मी दुसरा पाहिला नाही. उपलब्ध कागद टोक चळतीच्या दिशेलाच वाकवायला सांगत होते. जाणकार माणूस पुस्तक वाचून ताईंच्या उलटच गेला असता.

मालक म्हणाले, "पत्राच तर वाकवला आहे." मी आग्रह धरला, मग तयार झाले, पण शोधक म्हणून स्वतःचं नाव घाला म्हणाले. ते होत नाही. कायदा खरा आणि पहिला शोधक विचारतो. अर्जदार मालक होऊ शकतात, त्यासाठी ताईंकडून हक्क लिहून घ्यावे लागतात. शोधकाच्या रकान्यात ताईंचंच नाव गेलं आणि त्यांनी सही करताना मराठीत पूर्ण नाव लिहिलं.

आकृत्यांबद्दल एवढंच: मोबाइलचे फोटो आणू नका. रेघांची चित्रं काढा. ब्रेकर चालू, हातानं बंद केलेला आणि ट्रिप झालेला अशा तिन्ही स्थिती वेगळ्या दाखवा आणि प्रत्येक भागाला तिन्ही चित्रांत एकच आकडा द्या. ट्रिप झालेल्या स्थितीत लॅच नक्की कुठं असतो हे काढता आलं नाही, तर ब्रेकर पुन्हा उघडा आणि बघून काढा.