दोन बहिणींसाठी घरच्या घरी चित्रपुस्तक कसं बनवायचं

घरात दोन मुली असतील आणि आत्मविश्वास, समजूतदारपणा, बहिणींची माया हे सगळं गोष्टीतून त्यांच्यापर्यंत पोचवायचं असेल, तर आधी हे तिन्ही शब्द पुस्तकातून काढून टाका. "ती खूप धीट होती" हे ऐकून कोणी धीट होत नाही, तिने काय केलं ते मुलींना दिसलं पाहिजे.

म्हणून सुरुवात एका बारीकशा प्रसंगापासून करायची. मी बुटाची नाडी घेतली होती. धाकटीला स्वतः बांधायचीय, दोनदा सुटली, आता रडू यायला लागलंय, ताईला तर पटकन बांधता येते पण ती मधे पडत नाही, हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहते. बस्स. चित्रात ताईची पाठ आणि एकमेकांत अडकवलेली बोटं, खाली दोनच शब्द, "ताई थांबली." जे चित्रात दिसतंय ते शब्दात परत सांगायचं नाही, पुस्तकाचा सगळा जीव इथेच आहे.

आणि एक कळकळीने सांगते, दर वेळी ताईलाच पडतं घ्यायला लावू नका. मोठी आहेस ना, मग दे तिला, हे मोठीने दिवसभर ऐकलेलं असतं, रात्री गोष्टीतही तेच आलं तर तिला पुस्तक आपलं कसं वाटेल? एखाद्या पानावर ताईला उंच घसरगुंडीची भीती वाटू दे, आणि धाकटी न हसता तिच्यामागे जाऊन बसू दे.

आता पानं. छापील चित्रपुस्तकं बहुतेक वेळा ३२ पानांची असतात, कारण मोठ्या कागदावर बरीच पानं एकत्र छापून घड्या घालतात, त्यामुळे पानं ८ किंवा १६ च्या पटीत येतात. घरी १६ पुरेत. चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, झाली १६ पानं. पहिल्यावर नाव, शेवटचं कोरं, आणि मधे समोरासमोरच्या पानांच्या ७ जोड्या, म्हणजे ७ प्रसंग. आधी पेन्सिलने कच्चं काढा, एका जोडीला दोन वाक्यांपेक्षा जास्त मजकूर नको, आणि चेहरा घडीवर येऊ देऊ नका, नाक बरोबर शिवणीत जातं.

पान उलटण्याचा फायदा घ्यायचा. नाडी तिसऱ्यांदा ओढली, हे उजव्या पानावर ठेवा, पुढे काय झालं ते उलटल्यावरच कळू दे, मुली तिथे श्वास रोखून बसतात.

शिवायला घडीवर तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मग आतून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्यावर दोन्ही टोकांची गाठ. स्टेपलरपेक्षा हे बरं, पिना बोटाला लागतात.

माझ्या पहिल्या पुस्तकात शेवटी "म्हणून आपण सगळ्यांना मदत करायची" असं लिहिलं होतं आणि धाकटीने ते पान मला वाचूच दिलं नाही, भर्रकन उलटलं. तेव्हापासून शेवटी शिकवण लिहीत नाही.

वाचताना दोघींना काम द्या. जिला वाचता येतं ती शब्द वाचेल, जिला येत नाही ती चित्रं बघून सांगेल, आणि पान उलटायचं ते धाकटीनेच. मधे थांबून "ताईने हात मागे का धरले असतील गं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो, आपण मधे बोललो की ते राहूनच जातं. शेवटचं कोरं पान मात्र त्यांच्यासाठी सोडा, तिथे दोघींनी मिळून काय काढायचं ते काढू दे, रंग बाहेर गेला तरी पुसू नका.