गुपिते छापणाऱ्या कैद्यासाठी नागपुरातून मोहीम कशी चालवावी

सत्तेने दडवलेली कागदपत्रे प्रसिद्ध केली म्हणून जो प्रकाशक तुरुंगात पडला आहे, त्याच्या कुटुंबाला आणि वकिलांना सध्या काय हवे आहे, याची चौकशी करूनच मोहिमेला हात घालावा. उत्साहाच्या भरात केलेले एखादे विधान न्यायालयात त्याच्याच विरोधात वापरले जाऊ शकते.

तयारी मात्र दीर्घ लढ्याची ठेवावी. दडवलेली कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या ‘विकिलीक्स’ या संकेतस्थळाचे संस्थापक ज्युलियन असांज जून २०१२ मध्ये लंडनमधील इक्वेडोरच्या दूतावासात आश्रयासाठी शिरले, एप्रिल २०१९ मध्ये बेलमार्श तुरुंगात गेले आणि जून २०२४ मध्ये सुटले. मार्च २०१८ मध्ये दूतावासाने त्यांचे इंटरनेट तोडले, तेव्हा त्यांचा आवाज बाहेर पोहोचवण्याचे काम समर्थकांवरच आले. म्हणून एकदाच मोठा मोर्चा काढून थांबण्यापेक्षा दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी संविधान चौकात दहाच माणसांनी फलक घेऊन तासभर उभे राहणे मला अधिक मोलाचे वाटते. त्यासाठी संबंधित पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि शहरात जमावबंदीचा आदेश लागू आहे का, हेही विचारावे.

पत्रक मराठीत आणि एकाच मुद्द्याचे असावे. उदाहरणार्थ, बगदादमध्ये १२ जुलै २००७ रोजी अमेरिकी हेलिकॉप्टरच्या गोळीबारात रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या दोन कर्मचाऱ्यांसह अनेक माणसे मारली गेली. त्याचे चित्रण विकिलीक्सने २०१० मध्ये जगासमोर आणले. आणि पुढे अमेरिकेने असांज यांच्यावर ठेवलेल्या १८ आरोपांपैकी १७ आरोप तिथल्या १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखालचे होते, एवढे सांगितले तरी वाचक विचारात पडतो. प्रकाशकाला संत ठरवू नये आणि त्याच्याविरुद्ध अन्य तक्रारी असतील, तर तक्रारदारांची निंदा मुळीच करू नये. प्रकरण भारतातले असेल, तर मूळ गोपनीय कागद वाटण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे.

कैद्याला पत्रे अवश्य लिहावीत. त्यांवर त्याचा कैदी क्रमांक आणि आपले पूर्ण नाव व पत्ता घालावा. तुरुंगाचे अधिकारी ती वाचतील हे गृहीत धरून खटल्याचा विषय टाळावा आणि आपल्या गावाविषयी, ऋतूविषयी, वाचलेल्या पुस्तकांविषयी मोकळेपणाने लिहावे.

पैसे आपल्याकडे जमा न करता कुटुंबाने जाहीर केलेल्या निधीतच देण्यास लोकांना सांगावे, आणि सुटकेची बातमी येताच हे आवाहन थांबवू नये; असांज यांना ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्या विमानाच्या खर्चापोटी त्यांच्या कुटुंबाला ५ लाख २० हजार अमेरिकी डॉलरची मदत लोकांकडे मागावी लागली होती.