फाटलेला निंब पाडला तेव्हा

वळवाच्या वादळात रावेरकडे केळी आडवी झाली, ती दरवर्षीचीच रड. आमच्या बांधावरचा निंब मात्र दोन फांद्या फुटतात त्या दुबेळक्यापासून कमरेपर्यंत उभा चिरला आणि वाटेकडे कलला. सालदार म्हणाला, "भाऊ, मागून करवत लावू, दहा मिनिटांचं काम."

नेमकं तेच करायचं नव्हतं. कललेल्या झाडाला मागून कापत गेलं की ताणामुळे खोड मध्येच उभं फाटतं, मागचा फाळका उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येतो. इथे तर चीर आधीच होती.

आधी कापायच्या जागेच्या वर ट्रॅक्टरच्या साखळीचे तीन वेढे घालून खोड करकचून आवळलं. नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून तो नको. मागे तिरकी, दोन्ही बाजूंनी पळवाट साफ केली. येण्याजाण्याची वाट दोन्हीकडून बंद केली, झाडाच्या दुप्पट उंचीइतकं अंतर सोडून.

कलाच्या बाजूला उथळ खाच घेतली. मग चेनसॉचं पातं बाजूने आरपार घुसवलं. सुरुवात पात्याच्या टोकाच्या खालच्या भागाने. वरचा कोपरा टेकला की करवत तोंडावर उसळते. पुढे खाचेमागे दीड इंचाची बिजागरी, म्हणजे न कापलेलं लाकूड, ठेवली, मागे तशीच चार बोटांची पट्टी. खोड सव्वा फूट जाड होतं. शेवटी बाजूला उभं राहून मागची पट्टी कापली आणि मागे सरलो.

निंब वाटेवरच पडला. साखळी मात्र खोडात इतकी रुतली होती, की सोडवायला संध्याकाळ झाली.